हेडलाईटला सुटलेला घाम

मी चौतीस वर्षं आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवलं. दर वर्षी संघननाचा धडा आला, की रसवंतीवरून बर्फ आणायचो, स्टीलच्या पेल्यात टाकायचो आणि पेला टेबलावर ठेवायचो. पाच मिनिटांत पेल्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचे थेंब जमायचे. मग मी विचारायचो, "हे पाणी आलं कुठून?" दर वर्षी एक तरी महाभाग उठून म्हणायचा, "सर, पेला गळतोय." त्याला मी बाकावर उभा करायचो आणि वर्गाला त्याच्यावर पोटभर हसू द्यायचो. आता साठी उलटल्यावर त्या सगळ्या महाभागांची मी हात जोडून माफी मागतो. कारण माझ्या स्वतःच्या गाडीच्या हेडलाईटमध्ये थेंब दिसले, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हेच, "आयला, गळतोय की हा!"

गाडी जुनी, माझ्याआधी एकाने वापरलेली. निवृत्त झाल्यावर मी ती घेतली ती खरं तर मिरवायला. लग्नकार्याला जायचं, मंडपाच्या तोंडाशी उतरायचं, एवढंच तिचं काम. पण यंदा दसऱ्याच्या तोंडावर मुलीला सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली. मुलगी एकच, डिप्लोमा झालेली. कारखान्यात तयार झालेला माल तपासायचं काम. पहिली पाळी सकाळी सातची. सुपा आमच्या गावापासून अठ्ठावीस किलोमीटर. कंपनीची बस नगरहून येते, ती आमच्या फाट्याला शिवत नाही, आणि गावातून पहिली एसटी निघते साडेसातला. म्हणजे पावणेसहाला अंधारात स्वतःची गाडी काढायची, नाहीतर सुप्यातच खोली घेऊन राहायचं, हे दोनच रस्ते. सोमवारी हजर व्हायचं होतं.

"पप्पा, मी गाडी नेते," ती म्हणाली. मी लगेच हो म्हणालो. ती माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवते, हे मी घरात कबूल करत नाही, पण खरं आहे. आणि खरं सांगायचं तर, ती सुप्यात खोली घेणार हा विचारच मला सहन होत नव्हता. संध्याकाळी घरात तिचा आवाज नाही, ही कल्पना करून बघितली आणि जेवण गेलं नाही. त्यामुळे गाडी चकाचक करून तिच्या हातात द्यायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी अवजारं धुऊन पुसून पूजेला मांडतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, बायकोचं शिलाई मशीन, आणि आता गाड्याही. शेजारीपाजारी बादली आणि फडकं घेऊन गाड्या धूत होते. मी म्हटलं, बादलीनं कसली धुता! डाळिंबावर औषध मारायचा पंप काढला, टाकीत स्वच्छ पाणी भरलं, गन हातात घेतली आणि गाडीवर धार सोडली. बाबा रे, काय ती धार! चाकाच्या आतला तीन वर्षांचा चिखल उडून भिंतीवर बसला. मला इतका चेव चढला, की मी बॉनेट उघडून आतही मारली. हेडलाईटला पुढून मारली, मागून मारली, खालून मारली. मुलगी ओसरीवरून ओरडत होती, "पप्पा, आत नका मारू!" मी म्हटलं, तू गप. मग हळद, कुंकू, झेंडूचा हार, नारळ. गाडी नवरीसारखी दिसत होती.

दसऱ्याच्या सकाळी सोनं वाटून परत आलो आणि बघतो तर दोन्ही हेडलाईटच्या काचा आतून पांढऱ्या पडलेल्या. त्यावर बारीक बारीक थेंब. दिवा लावून भिंतीवर उजेड पाडून बघितला, तर उजेड कसला, नुसता ताकासारखा पांढरट धुरळा. आमच्या रस्त्याला दसऱ्यानंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, त्यांना मागे ना लाल दिवा ना चमकणारी पट्टी. असल्या उजेडात पोरगी पहाटे निघाली तर समोर काय आहे ते तिला दिसणार तरी का? 

मी बॉनेट उघडून, चष्मा कपाळावर चढवून, हेडलाईटच्या मागे डोकं घातलं. आणि मला चोर सापडला. दिव्याच्या मागच्या बाजूला खाली एक बारीक भोक होतं. डाव्यालाही, उजव्यालाही. म्हटलं, हे बघा, इथून पाणी शिरतंय! कारखानदारांनी काय डोळे झाकून गाड्या बनवल्यात? मुलगी म्हणाली, "पप्पा, ते भोक मुद्दाम ठेवलेलं असेल." मी तिला म्हटलं, "मुद्दाम कोण घराला भोक पाडतं गं?" खिडकीच्या काचेला लावतात त्या सिलिकॉनची नळी घरात पडून होती. दोन्ही भोकं बुजवून टाकली, वर बोटानं गुळगुळीत केली. मला इतकं समाधान वाटलं, की मी स्वतःच चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी थेंब दुप्पट.

मग मी डोक्यात राख घालून घेतली. मी ओसरीवर उभं राहून जाहीर केलं, "दोन्ही काचा आरशासारख्या झाल्याशिवाय ही गाडी पहाटे या फाटकाबाहेर जाणार नाही. तोवर किल्ली माझ्या खिशात." मुलगी पण माझीच. ती आत गेली, माळ्यावरची निळी बॅग काढली, खोलीत जाऊन काहीतरी भरलं, चेन लावली आणि बॅग आणून दाराजवळ ठेवली. "सोमवारपर्यंत काचा झाल्या तर ठीक. नाहीतर मी सुप्यात खोली घेते. दोन मैत्रिणी आहेत तिथं." बॅग चांगली फुगलेली होती. मी तिच्याकडे बघितलंच नाही असं दाखवलं, पण जाता-येता माझा पाय तिच्याशीच अडायचा.

पुढचे दोन दिवस मी काय काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. गाडी सकाळी पूर्वेला तोंड करून उभी केली, दुपारी दक्षिणेला, संध्याकाळी पश्चिमेला. सूर्य हलेल तशी मी गाडी हलवत होतो. मुलीचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन तासभर काचेवर गरम हवा मारली. थेंब जरा विरायचे आणि हवा गार झाली की पुन्हा हजर. शेजारच्यानं सांगितलं, काचेला टूथपेस्ट लावा. मी अर्धी ट्यूब बाहेरून घासली. काच बाहेरून इतकी लखलखीत झाली, की आतले थेंब आणखी स्वच्छ दिसायला लागले. एकानं सुचवलं, पाण्यात पडलेला मोबाईल तांदळात ठेवतात तसं करा. आता हेडलाईट तांदळात कसा ठेवणार? पारावर तर विषयच झाला. "सर, गाडीला मोतीबिंदू झालाय, शिबिराला न्या." "न्हाई ओ, दीदी जानार म्हनून गाडी रडतीया." मी वरवर हसायचो, पण हे दुसरं बोलणं मला लागायचं.

आता माझ्या बायकोबद्दल. तिनं सातवीनंतर शाळा सोडली, पण आमची सगळी शेती तीच बघते. मी शाळेत जायचो तेव्हापासून वावर तिचं. कांद्याची चाळ तिची. चाळ म्हणजे कांदा साठवायची लांबट कोठी. जमिनीपासून हातभर उंच, दोन्ही अंगांनी फटी फटी ठेवून बांधलेली, म्हणजे खालून आणि बाजूनं वारा खेळत राहतो. शुक्रवारी ती चाळीतला खराब कांदा निवडून येत होती. पदराला हात पुसत माझ्याजवळ आली, हेडलाईटकडे बघितलं, वाकून मागचं माझं सिलिकॉन बघितलं.

"अहो, हे गळत न्हाई. ह्याला घाम आलाय."

"घाम?"

"मंग काय! आत कोंडलंय ते. ओल आतच बसलीया, जायला वाट न्हाई. इसरलात काय त्या साली पावसात तुमी चाळीला ताडपत्री गच्च आवळली हुती? काय झालं हुतं? कांद्याला घाम सुटला आन् निम्मी चाळ सडली. हे बी तसंच हाय."

मला कबूल करायला हवं होतं. पण चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला बायको कांद्यावरून संघनन शिकवते म्हणजे काय? माझा पारा चढला. "कांदा वेगळा आणि प्रकाशाचं शास्त्र वेगळं," मी म्हणालो. "उगाच प्रत्येक गोष्टीत कांदा आणू नकोस." ती नुसती हसली आणि चाळीकडे गेली. तिचं ते हसणं मला जास्त झोंबतं.

रविवार उजाडला. उद्या सोमवार. काचेवर थेंब होतेच. उजवी काच जरा बरी वाटत होती, पण मी म्हटलं, हा मनाचा खेळ. शेवटी नमतं घेतलं आणि गाडी नगरच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजवर नेली. गॅरेजवाला माझा विद्यार्थी. आठवी ब, शेवटचा बाक. आता त्याची पोरं आठवीत असतील. रविवार असूनही त्यानं माझ्यासाठी शटर वर केलं, हात धुऊन पाया पडला, चहा मागवला. मला बरं वाटलं. मग त्यानं बॉनेट उघडलं आणि हेडलाईटच्या मागे डोकं घातलं.

बोटानं काहीतरी चाचपलं. मग आतूनच आवाज आला, "सर, हे सिलिकॉन कुणी लावलं?"

काय सांगू, माझ्या तोंडून फाडकन निघून गेलं, "आधीच्या मालकानं."

"त्याला अक्कल न्हाई म्हनायची, सर. हे भोक हेडलाईटला श्वास घ्यायला ठेवलेलं असतं. दिवा तापला की आतली दमट हवा हितनं बाहेर जाते. ह्या बहाद्दरानं तेच बुजवलं. त्याला वाटलं असनार, हेडलाईट गळतोय." एवढं बोलून त्यानं डोकं बाहेर काढलं. चेहरा गंभीर, पण ओठ दाबून धरलेले. "पेला गळत नसतो सर. तुमीच शिकवलंय मला. बाकावर उभं करून."

माझ्या डोळ्यांपुढे तो दिवस आला. बर्फाचा पेला, आणि शेवटच्या बाकावर उभा असलेला, कानापर्यंत लाल झालेला हा. म्हणजे आठवी 'ब'चा महाभाग हाच! मी चहाचा कप खाली ठेवला.

"पन सर, एक गंमत बघा," तो पुढे म्हणाला. "आधीच्या मालकाला अक्कल नव्हती, पन त्याच्या मागनं कोनतरी लई डोक्याचं मानूस येऊन गेलंय." त्यानं मला वाकून बघायला लावलं. माझ्या गुळगुळीत सिलिकॉनच्या बरोबर मध्ये एक भोक पाडलेलं होतं आणि त्यात बोटभर लांबीची एक बारीक काळी नळी बसवलेली होती, टोक खाली वाकवून, म्हणजे पाणी आत शिरायला नको आणि हवा मात्र बाहेर यायला वाट. दोन्ही दिव्यांना तसंच. "ही कंपनीची नळी न्हाई सर. ही ठिबकची हाय. आन् भोक दाभणानं पाडलंय. म्हनून तर उजवी काच निवळायला लागलीय. म्या असतो तर मला बी हे सुचलं नसतं."

ठिबकची नळी. आणि दाभण, कांद्याच्या गोण्या शिवायचं. आमच्या घरी दाभण एकाच माणसाच्या हातात असतं. शनिवारी दुपारी मी जेवून घोरत पडलो होतो, तेव्हा बायकोनं येऊन हे केलं असणार. गाडीला आम्ही गावात कुलूप लावत नाही. आणि मला एका शब्दानं बोलली नव्हती, का, तर माझा पाणउतारा व्हायला नको. अरे देवा! मला तिथल्या तिथं इतकी लाज वाटली आणि त्याहून जास्त तिचं कौतुक वाटलं, की खोटं पोटात राहीना.

"सिलिकॉन मीच लावलं रे," मी म्हणालो. "आधीचा मालक बिचारा भला माणूस होता."

"माहितीय सर," तो म्हणाला. "सिलिकॉन ओलं असतानाचा अंगठ्याचा ठसा हाय त्याच्यावर. आन् तुमच्या शर्टालाबी लागलंय."

मग मी काय केलं असेल? गॅरेजच्या दाराशी गिऱ्हाईकांना बसायला एक लाकडी बाकडं होतं. चपला काढल्या आणि त्यावर चढून उभा राहिलो. हात बांधून. "अहो सर, उतरा! काय करताय! लोक बघत्यात!" तो घाबरून माझा हात ओढत होता. "पाच मिनिटं," मी म्हणालो. "तुला पाचच मिनिटं उभा केला होता ना?" "न्हाई सर, पूर्ण तास." रस्त्यावरचे दोन मोटारसायकलवाले थांबून बघायला लागले. आम्ही दोघंही इतके हसलो, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला बाकड्यावर तोल सावरता येईना. शेवटी त्यानं मला धरून खाली उतरवलं.

मग त्यानं सिलिकॉन खरवडून काढलं. बायकोची नळी मात्र त्यानं टाकून दिली नाही. भोकाची मूळची रबरी नळी माझ्या फवाऱ्यानं कधीच उडून गेली होती, तिच्या जागी हीच नीट बसवून दिली. "काच उघडायची गरज न्हाई, सर. पुसायला बी जाऊ नका. आपोआप जातंय. फक्त एक करा. दिवे लावून गाडी चालवा. दिवा तापला, वारा लागला, की ओल निघून जाते. उभी ठेवली की तशीच बसते आत."

उभी ठेवली की तशीच बसते. आणि मी तर चार दिवस किल्ली खिशात घालून, गाडीला फाटकाच्या आत कोंडून, काचा साफ व्हायची वाट बघत बसलो होतो. 

परत येताना भर दुपारी बारा वाजता मी दोन्ही हेडलाईट लावून गाडी हाणली. मग काय सांगावं! समोरून येणारा प्रत्येक जण हात वर करून बोटं मिटून उघडून दाखवतोय, दिवा चालू आहे, दिवा चालू आहे. टेम्पोवाला, दूधवाला, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाईसुद्धा. मी प्रत्येकाला हात हलवून दाखवत होतो, माहितीय, माहितीय! इतक्या लोकांनी एका दिवसात माझी काळजी केल्याचं मला आठवत नाही. फाट्यावर वळलो तेव्हा मी मोठ्यानं गाणं म्हणत होतो.

घरी पोचलो. उजवी काच आरशासारखी. डावीच्या कोपऱ्यात मात्र रुपयाएवढा पांढरा डाग शिल्लक होता. मुलगी ओसरीवर आली, वाकली, डाग बघितला, आणि मग माझ्याकडे बघितलं. तिला माझा शब्द माहीत होता. दोन्ही काचा म्हणजे दोन्ही. दाराजवळ निळी बॅग तशीच होती.

मी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"डाग आहे अजून, पप्पा."

"असू दे. चालवलीस की जाईल."

ती माझ्या गळ्यातच पडली. लहानपणानंतर पहिल्यांदा. बायको चाळीजवळ गोण्या शिवत बसली होती, तिनं मान वर केली नाही. मी तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसलो. म्हटलं, "दाभण जरा वाकलंय का गं?" ती दोरा ओढत म्हणाली, "वाकंल न्हाईतर काय! प्रकाशाचं शास्त्र लई कडक निघालं." मी तिच्यासमोर कान पकडले. चाळीत कुणी बघत नव्हतं, म्हणून जरा जास्त वेळ पकडले.

सोमवारी पावणेसहाला मुलगी निघाली. मी फाटक उघडलं. दोन्ही दिव्यांचा लखलखीत उजेड समोरच्या बाभळीवर पडला, पानन् पान दिसलं. गाडी वळणापर्यंत गेली, दिवे वळले, आणि मी फाटक उघडंच ठेवून घरात आलो. तो दिवस काही केल्या सरेना. दुपारी चारला हॉर्न वाजला. बघतो तर रखरखत्या उन्हात दोन्ही हेडलाईट लावून ती येतेय आणि अख्खा पार बोटं मिटून उघडून तिला सांगतोय. डाव्या काचेवरचा डाग गेला होता. नुसता गेला नव्हता, कुठं होता तेही शोधून सापडेना.

त्या आनंदात मी म्हटलं, ही बॅग आता माळ्यावर टाकू. चांगली जड असणार म्हणून कंबर सांभाळून, जोर लावून उचलली, आणि मागेच पडता पडता वाचलो. बॅग वाऱ्यासारखी हलकी. चेन उघडली. आत कांद्याची रिकामी बारदानं. नीट घडी घालून, गच्च भरलेली. एक ड्रेस नाही, एक टॉवेल नाही.

मी वळून बघितलं. माय-लेकी दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, एकमेकींना धरून, हसून हसून लाल झालेल्या. "खोली घ्यायची कुणाला होती, पप्पा?" मुलगी म्हणाली. "आईच्या हातची भाकरी सोडून मी सुप्याला जाईन होय?" बायको म्हणाली, "तुमास्नी नुसतं सांगून कधी कळतंय का?" मी चार दिवस त्या बारदानांना घाबरून होतो. मला हसू आवरेना, आणि हसता हसता काय झालं कुणास ठाऊक, समोरच्या दोघी अंधूक दिसायला लागल्या.

"पप्पा, चष्मा पुसा तुमचा," मुलगी म्हणाली. "आतून घाम आलाय."

"राहू दे," मी म्हणालो. "पुसायला जायचं नसतं. आपोआप जातं."